यंत्राने काढायचा हरभरा पेरला तर घरच्या बायकांचं काम खरंच कमी होतं का?

शिवारवाट
बचत गटातल्या बऱ्याच जणी यंदा विजय, दिग्विजय हे हरभऱ्याचे वाण सोडून फुले विक्रम पेरू म्हणताहेत. उंच, उभट वाण, घाटे जमिनीपासून फूटभर वर, त्यामुळे थेट हार्वेस्टर घालता येतो. पहाटे दवात हरभरा उपटायचा, झाडावरच्या आंबट रसाने, आंबेने, बोटांची सालं निघायची, हे वाचेल. पण भाजी, भुसा, बियाणं यांचं काय? आणि ज्यांना शेतीच नाही त्यांच्या मजुरीचं?

काळीची_लेक
ताई, उपटणी सुटते हे खरं. खुरपणी सुटत नाही. पसरट वाण लवकर जमीन झाकतो, उभट वाणाच्या ओळी जास्त दिवस उघड्या राहतात आणि तण फोफावतं. 20-25 दिवसांनी पहिली आणि पुढे दोन-तीन आठवड्यांनी दुसरी खुरपणी हवीच. काढणीला हिरवं तण राहिलं तर ते यंत्रात अडकतं आणि त्याच्या रसाने दाणे डागाळतात, बाजारात भाव पडतो. म्हणजे बाईचं एक काम गेलं आणि दुसऱ्याला कसर चालेना झाली. घरात हिशोब मांडताना हे आधीच बोलून घ्या.

भाजीसाठी सगळ्या रानात शेंडे खुडू नका, झाड आडवं फुटतं. बांधालगतच्या चार-पाच ओळी ठेवा, फुलं लागण्याआधी खुडा आणि त्या ओळींवर तोवर फवारणी होऊ देऊ नका. फवारणारा गडी वेगळा आणि खुडणारी वेगळी असते, म्हणून घरात आधीच सांगून ठेवावं लागतं.

गोठा_दावण
भुशाचं मी सांगतो. हाताने काढून मळणी यंत्रावर केलं की भुसा एका जागी पडतो. हार्वेस्टर तो रानभर फेकतो, शिवाय खालचं खोड उभंच राहतं, म्हणून मिळतोही कमी. शेळ्या-म्हशी बायकांच्याच अंगावर असतात, त्यामुळे उन्हाळ्यातली वैरण विकत घ्यायचा भार तिथेच येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दव असतानाच दाताळ्याने गोळा करा, ऊन चढलं की वाऱ्याने उडतो. यंत्र मात्र दुपारी घाला. सकाळी घाटे ओलसर असतात, नीट फुटत नाहीत.

बियाणेपेटी
हरभरा सरळ वाण आहे, संकरित नाही, बियाणं घरचं राखता येतं. पण हार्वेस्टरमध्ये आदल्या रानातले दाणे अडकलेले असतात, तिथेच भेसळ होते. दोन-तीन गुंठे मधोमध वेगळे राखा, फुलोऱ्यात वेगळी दिसणारी झाडं उपटा आणि तेवढं हातानेच काढून काठीने झोडा. कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा सुका पाला घालून कोरड्या कोठीत ठेवा, नाहीतर भुंगेरा लागतो. पेरताना 10 किलोला 250 ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत चोळा, पण आधी बुरशीनाशक, मग जिवाणू.

शिवारवाट
आणि मजुरी?

काळीची_लेक
तिथे वाण काहीच भरून देत नाही. जमीनवालीचा वेळ वाचतो, भूमिहीन बाईचा हंगाम बुडतो. दोघी एकाच गटात असल्या तरी. गटाने एकत्र पेरायचं ठरवलं तर एकाच वेळी ठरवा: पायाभूत बियाणं (ज्यापासून पुढचं प्रमाणित बियाणं तयार होतं ते) आणून थोड्या रानात बीजोत्पादन करायचं, प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या वाणापासून 5 मीटर अंतर राखायचं, आणि भेसळ काढणं, चाळणी, निवड ही कामं भूमिहीन जणींना ठरलेल्या रोजाने द्यायची. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या मिनी डाळ मिलसारखं यंत्र गटाकडे असेल तर उरलेल्या मालाची डाळ करता येते, तिथेही त्यांनाच आधी घ्या. रोजाचा दर किती, हे पेरणीआधी लिहून ठेवा. काढणीच्या वेळी हार्वेस्टरवाला दारात उभा असतो, तेव्हा कुणी ऐकत नाही.