तिघा कलाकारांच्या मोकळ्या गप्पा रेकॉर्ड करायच्यात, माईक कोणता घ्यावा? (बजेट ६,०००)

पत्र्यावरचा_पाऊस: परभणीत आमच्या गच्चीवर दर रविवारी तिघं बसतात. एक गोंधळी मामा, संबळ वाजवतात. एक शॉर्टफिल्मवाला दोस्त अन् भजनातले पेटीवाले काका. बिदागी कशी मागायची, कुठलं पद लोकांनी उचललंच नाही, फिल्म एडिटला कुठं फसली, सगळं उघड बोलतात. मोबाईलवर घेतलं, तर संबळावर काठी पडली की आवाज फाटायलाय. बजेट सहा हजार, वर एक रुपाया नाही.

लातूरकर_७२: डोळे झाकून शुअर एसएम५८ घ्या, दोन. १९६६ पासून चालू आहे हा माईक. सोबत दोन एक्सएलआरवाला इंटरफेस, म्हणजे माईकच्या दोन जाड वायरी कंप्युटरला जोडायचा डबा. माझा गणपतीत स्टेजवरून पडला, काही झालं नाही.

पत्र्यावरचा_पाऊस: भाऊ, सहा हजार.

लातूरकर_७२: मग दोन महिने थांबून घ्या.

नांदेडी_तडका: कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाज पण पकडणारा माईक, घेऊ नका. त्याला ४८ व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या वायरीतूनच वीज, लागते हे दुकानदारानं मला सांगितलंच नाही. पंधरा दिवस माईक मुका समजून भांडायलो होतो. आता चालतोय, तर शेजारचा कूलर, कुत्रं, आईचं मावशीसंगं फोनवरचं बोलणं, सगळं येतंय.

पेटी_पाहिजे: काका जुनी पेटी विकणार आहेत का?

आडस_रोड: माईकचं सोडा, प्रश्न काय विचारणार? १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो, थरारपटवाल्या हिचकॉकसमोर आठवडाभर बसला. मधे दुभाषी बाई, सगळं टेपवर. १९६६ ला त्याचं पुस्तक निघालं. एकेक सिनेमा घेऊन विचारत गेला, हा शॉट असाच का लावला म्हणून. आपल्याकडं ‘तुमचा प्रवास सांगा’ म्हणतात, की माणूस सत्काराला उभा राहिल्यासारखा बोलतो.

लातूरकर_७२: ते युनिव्हर्सल स्टुडिओच्या ऑफिसात बसले होते, परभणीत गच्चीवर नाही.

आवाजाचा_वांधा: साऊंडचंच काम करतो. वायरवाले साधे कॉलर माईक तीन घ्या, तिघांच्या तीन मोबाईलला लावा, एअरप्लेन मोडवर. सुरुवातीला एक टाळी, एडिटला तिन्ही आवाज त्याच टाळीवर जुळवा. लांब रेकॉर्डिंगला तिन्ही फोनचे आवाज एकमेकांच्या थोडे मागंपुढं सरकतात, म्हणून शेवटी पण टाळी. लेव्हल संबळावर ठरवा, बोलण्यावर नाही. बोलणं नंतर वाढवता येतं, फाटलेला आवाज शिवता येत नाही. खोलीत बसणार असाल तर भिंतीला वाकळा टांगा, घुमणं कमी होतं.

नांदेडी_तडका: वाकळेचं पटलं. कंडेन्सर मात्र घेऊ नका, परत सांगतो.

औशाची_लेक: आमचं घर गोंधळ्यांचंच आहे. कॉलरला माईक दिसला की आमचे अण्णा ‘आमची ही परंपरा’ करून भाषणच ठोकतात. खरं बोलणं माईक बंद झाल्यावर, चहाला. म्हणून चहाच्या आधीपासून चालू ठेवा, पण त्यांना सांगून. अन् बिदागीचा आकडा बाहेर टाकायच्या आधी विचारा. आमच्याकडं एका व्हिडिओत आकडा गेला, वर्षभर प्रत्येक सुपारी त्याच्यावरच अडली.

लातूरकर_७२: आकडा लपवायचा कशाला? कलाकारानं ठणकावून सांगावा.

औशाची_लेक: तुम्ही द्यायला बसता का ठणकावून?

पत्र्यावरचा_पाऊस: सगळ्यांचे आभार. मित्राचे कॉलर माईक लावून बघितले. मामा म्हणले, “गळ्यात घंटी बांधल्यावाणी होयलंय.” काढून ठेवले. शेवटी झूम कंपनीचा जुना एच१एन घेतला, हातात मावणारा माईकसकटचा रेकॉर्डर, साडेसहा हजाराला. पाचशे वर गेलेच. तिघांच्या मधे वाकळेची घडी करून तिच्यावर ठेवला. गच्चीवरच. काल दोन तास घेतलं. रिक्षाचा हॉर्न आलाय, कूलर आलाय, पण संबळ फाटला नाही. आकड्याचं मामांना विचारलं, तर म्हणले आकडा राहू दे, गावाचं नाव तेवढं काढ.

लातूरकर_७२: पस्तावाल.

पेटी_पाहिजे: काकांना पेटीचं विचारलं का?