मदत हवी आहे : ब्रँडेड डेस्कटॉप काम करता करता बंद पडतो, दुरुस्त करू की असेंबल करून घेऊ?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते आहे. अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार!

मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. घरी दोन डेस्कटॉप आहेत. पहिला २०१३ साली भावाने आणि मी सुटे भाग आणून जोडलेला. दुसरा चार वर्षांपूर्वी घेतलेला, तयार, एका नावाजलेल्या कंपनीचा, अरुंद कॅबिनेटचा. सगळं काम याच दुसऱ्यावर चालतं आणि बिघडलाय तोच.

लक्षण असं की चालता चालता खटकन बंद. निळा पडदा येत नाही, एरर येत नाही, आधी हँगही होत नाही. कुणी प्लग ओढावा तसा जातो. नुसतं टायपिंग असेल तर दिवसभर काही होत नाही. छपाईसाठी मोठ्या चित्रांच्या पीडीएफ एकामागून एक काढायला घेतल्या, की वीस ते चाळीस मिनिटांत हमखास गचकतो. लगेच बटण दाबलं तर पंखा अर्धा वेढा घेऊन थांबतो आणि बटणाचा दिवा एकदाच लुकलुकतो. पॉवरची वायर काढून दहा मिनिटं ठेवली की काही झालंच नाही असा सुरू होतो.

मी काय काय करून पाहिलं ते सांगते. ब्लोअरने आतली धूळ काढली, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली. दोन्ही रॅम काढून परत बसवल्या, एकेक रॅम ठेवूनही पाहिलं. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावला, चार फेऱ्या झाल्या, चुका शून्य. काम चालू असताना प्रोसेसरचं तापमान ७८ अंशांवर जात नाही. एसएसडीचा स्मार्ट अहवाल (ती स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) स्वच्छ आहे. दुसरा प्लग, दुसरी वायर, यूपीएसशिवाय थेट भिंतीतून, सगळं झालं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदलला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) दर वेळी 'कर्नल-पॉवर ४१' एवढीच नोंद दिसते.

संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर आला. म्हटलं, जुन्या मशीनचा काढून लावून बघू. कॅबिनेट उघडलं आणि हातच टेकले. जुन्या एसएमपीएसची मदरबोर्डला जाणारी मुख्य वायर २४ पिनांची आहे, इथे सहाच पिना. डबा निम्म्या रुंदीचा, स्क्रूची भोकं निराळी. बोर्ड दुसऱ्या कॅबिनेटमध्ये हलवावा म्हटलं, तर पुढच्या बटणाच्या वायरीसुद्धा एकाच ठोकळ्यात ओवलेल्या. साध्या कॅबिनेटमध्ये पॉवर, रीसेट, दिवा यांच्या बारीक वायरी सुट्या असतात, तसं इथे काहीच नाही.

मला मनापासून वाईट वाटलं. २०१९ मध्ये जुन्या मशीनचा एसएमपीएस गेला होता. तेव्हा नवा आणला आणि अर्ध्या तासात बसवला, कारण एटीएक्स हे बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस यांचं सामायिक माप १९९५ पासून ठरलेलं आहे. कुणाचाही घ्या, चार स्क्रू त्याच जागी येतात. इथे पार्ट खराब झालाय एवढं कळायलाही त्याच कंपनीचा पार्ट हवा.

असेंबल्डमध्ये त्रास नसतो असं मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये जोडलं तेव्हा पहिले पंधरा दिवस ते मशीन मधूनच सुरूच व्हायचं नाही. मदरबोर्डवाला म्हणे रॅम खराब, रॅमवाला म्हणे बोर्ड खराब. शेवटी भावाला सापडलं. कॅबिनेटच्या पत्र्यात एक पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारा छोटा खुंट) जास्तीचा राहिला होता आणि बोर्डाच्या खालच्या टाक्यांना टेकत होता. तो काढला आणि तक्रार मिटली. पण ते पंधरा दिवस आम्हाला कुणीही वाली नव्हता.

आता माझे प्रश्न :
एसएमपीएसच गेलाय याची खात्री दुसरा न लावता कशी करू?
२४ पिनांना सहा पिनांत बदलणारे ॲडॉप्टर मिळतात, ते लावावेत का?
की या मशीनचा नाद सोडून नवं असेंबल करून घ्यावं? तसं केलं तर दोन्ही मशीनमधलं काय काय वापरता येईल?

वॉरंटी तीन वर्षांची होती, ती संपली आहे. हातात मोठं पुस्तक आहे, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की निम्मं निदान झाल्यातच जमा आहे.

कर्नल-पॉवर ४१ ही कारणाची नोंद नव्हे. विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर एवढंच लिहून ठेवतं की मागच्या वेळी मला रीतसर बंद केलं नव्हतं. तिच्यावरून पार्ट ओळखू नका. मला जास्त बोलकं वाटतं ते बंद पडल्यानंतरचं वागणं. लोड आला की जातो, लगेच उठत नाही, वायर काढून विसावला की उठतो. एसएमपीएसमधली संरक्षणाची व्यवस्था एकदा अडकली की मुख्य वीज तोडल्याशिवाय बहुतेक वेळा सुटत नाही, आणि तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं. रॅम खराब असती तर निळा पडदा किंवा करप्ट फाईल कधीतरी दिसलीच असती. प्रोसेसर तापला असता तर आधी वेग मंदावला असता, थेट काळोख झाला नसता.

मल्टिमीटर (विजेचा दाब मोजायचं यंत्र) आहे का? प्रोसेसरशेजारी चार पिनांचा कनेक्टर असेल, दोन पिवळ्या आणि दोन काळ्या वायरींचा. तो न काढता, मागच्या बाजूने, पिवळ्यात लाल प्रोब आणि काळ्यात काळी. नुसतं डेस्कटॉपवर असताना आकडा घ्या, मग पीडीएफ काढायला लावून घ्या. एटीएक्समध्ये १२ व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. तुमचा बोर्ड एटीएक्स नसला तरी अंदाजाला हेच धरा. दोन्ही प्रोबांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

प्रतिसाद २

एकच सांगतो, एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो लगेच उतरत नाही. बाहेरून जाळीतून टॉर्च मारून फुगलेला कपॅसिटर दिसला तर बघा, तेवढंच.

प्रतिसाद ३

माझं मत ठाम आहे, असेंबल करा. दहा वर्षांत मी एकाच कॅबिनेटमध्ये तीन बोर्ड बदलले. आज रॅम, उद्या प्रोसेसर, जसं जमेल तसं. ब्रँडेडमध्ये एक पार्ट गेला की सगळंच अडतं, हा तुमचाच अनुभव आहे.

प्रतिसाद ४

मी दोन्ही प्रकारची मशीन दुरुस्त करतो, म्हणून थोडं वेगळं सांगतो.

ब्रँडेड मशीन मुद्दाम अडवणूक करायला असं बनवतात, असं सरसकट म्हणता येणार नाही. सहा पिनांच्या बोर्डाला एसएमपीएसकडून फक्त १२ व्होल्ट मिळतात. ५ आणि ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो. त्यामुळे एसएमपीएस छोटा होतो, वायरी कमी होतात, मशीन रिकामं असताना वीज कमी लागते. तोटा तुम्ही म्हणता तोच, की दुसऱ्याचा लावता येत नाही. फायदाही आहे, पार्टला नाव-गाव असतं. एसएमपीएसच्या लेबलवर भाग-क्रमांक छापलेला असतो, तोच क्रमांक शोधा. वॅट जुळले म्हणून घेऊ नका. दिसायला सारख्या सहा पिनांची जुळणी कंपनीनुसार, कधी मॉडेलनुसारही बदलते.

ॲडॉप्टरबद्दल. साध्या एसएमपीएसमध्ये मशीन बंद असताना जी स्टँडबाय लाईन चालू राहते ती ५ व्होल्टची असते. अशा काही बोर्डांना ती १२ व्होल्टची लागते. म्हणून चांगल्या ॲडॉप्टरमध्ये दाब वाढवणारं छोटं सर्किट असतं. ते नसलेली नुसती वायर लावली तर मशीन उठणारच नाही, किंवा त्याहून वाईट काही होईल. शिवाय एटीएक्सचा डबा तुमच्या कॅबिनेटमध्ये मावणार नाही, बाहेर ठेवावा लागेल. तपासणीपुरतं ठीक, रोजच्या कामाला मी देणार नाही.

जाता जाता एक इशारा, कारण हे नुकसान मी स्वतःच्या हाताने केलंय. असेंबल्डमध्ये सुट्या वायरींचा मॉड्युलर एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी तशाच ठेवून नव्या डब्याला जोडू नका. पार्टच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, डब्याच्या बाजूचं नसतं. माझ्याकडून एका गिऱ्हाईकाच्या दोन हार्डडिस्क तशा जळल्या. त्यातले फोटो परत मिळाले नाहीत. अजून मनाला लागून आहे.

नवं केलंत तर एसएसडी चालेल. २०१३ चं कॅबिनेट एटीएक्स असेल तर बोर्डाची भोकं आजही जुळतील, फक्त हवा खेळायला पंखे पुरेसे आहेत का बघा. जुन्या मशीनची डीडीआर३ रॅम आजच्या बोर्डात बसणार नाही, खाचच वेगळ्या जागी असते. ब्रँडेडबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स त्याच बोर्डाशी बांधलेलं असतं, तेही धरून चालू नका.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारच्या दादांकडून मल्टिमीटर आणला आणि प्रोब धरायला मुलीला बसवलं.

नुसता डेस्कटॉप : १२.०७. पीडीएफ सुरू केल्यावर ११.६. पंधरा मिनिटांनी ११.३. पुढे आकडा ११.२ आणि ११.० मध्ये नाचायला लागला, मुलगी म्हणाली "आई, उतरतोय", आणि मशीन गेलं. वायर काढली, दहा मिनिटं थांबलो, परत तेच. दुसऱ्यांदा १९ मिनिटं टिकलं. जाळीतून टॉर्च मारला तर एका कपॅसिटरचं डोकं सपाट नाही, किंचित फुगीर दिसतंय. डबा उघडलेला नाही.

भाग-क्रमांक लेबलवर सापडला. आता मागवू ना?

प्रतिसाद १

मागवा. प्रोसेसरजवळच दाब इतका उतरतोय म्हटल्यावर माझी तरी शंका उरली नाही. तोवर मोठ्या पीडीएफ एकेक करून काढा, आणि दर थोड्या वेळाने सेव्ह.

प्रतिसाद ४

नवीन आला की बसवण्याआधी चार पिनांच्या त्या कनेक्टरच्या प्लास्टिककडे बघा. पिवळं पडलंय किंवा वितळलंय का? सैल पिनेमुळेही दाब असाच उतरतो. तसं दिसलं तर फक्त एसएमपीएस बदलून भागणार नाही.

धागालेखिका

कनेक्टर पाहिला, पांढरास्वच्छ आहे, पिनाही घट्ट.

एसएमपीएस आला. क्रमांक तोच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं होतं, म्हणून कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत आधी खात्री केली. जुन्याच्या जागी नवा, असं यादीतच दिलंय. तीन स्क्रू आणि एक खिटी, दहा मिनिटांत बसला. आता भर कामात ११.९४. काल सलग चार तास पीडीएफ काढल्या, मशीन एकदाही गेलं नाही. पुस्तकाची शेवटची प्रत आज सकाळी पाठवली.

नवं मशीन आत्ता घेत नाही. घेईन तेव्हा प्रतिसाद ३ म्हणतात तसं असेंबल करेन आणि स्टँडऑफ मोजून लावेन. तोवर एसएमपीएस, पंखा आणि बोर्ड यांचे भाग-क्रमांक कागदावर लिहून या कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत.