मदत हवी आहे : पिल्लू चेंडू आणते, पण हातात देत नाही

आमच्याकडे लॅब्रॅडॉर जातीचे 5 महिन्यांचे पिल्लू असून, फेकलेला चेंडू परत आणून देण्याचा खेळ त्याला शिकवण्याचा आमचा प्रयत्न सुरू आहे. चेंडूमागे ते जीव तोडून धावते, तो तोंडात उचलतेही. मात्र परत येताना हातभर अंतरावर थबकते, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करते आणि आपण एक पाऊल पुढे टाकले की चेंडूसह पसार होते. त्याच्या लेखी हा पकडापकडीचाच खेळ असावा, म्हणून त्याच्यामागे धावणे आम्ही पूर्णपणे थांबवले आहे.

तसाच दुसरा चेंडू दाखवला, तर पहिला तोंडात घेऊनच ते जवळ येते. परंतु हातात खाऊ दिसला की चेंडू वाटेतच टाकून मोकळे होते. अशा वेळी ‘सोड’ ही आज्ञा तोंड उघडण्यापूर्वी द्यावी की उघडताक्षणी? तसेच लांब दोरी बांधून सराव घेतल्यास ती हळूहळू ओढावी, की केवळ पळून जाऊ न देण्यापुरतीच वापरावी?

सध्या त्याचे दुधाचे दात पडत असल्यामुळे आम्ही मऊ रबरी, पण गिळता येणार नाही एवढा मोठा चेंडू वापरतो. काठी घशात रुतू शकते, त्यामुळे ती वर्ज्यच. हाडांची वाढ अजून व्हायची असल्याने चेंडू उंच न उडवता जमिनीवरून घरंगळत सोडतो. (उत्साहाला मात्र कसलीच मर्यादा मान्य नाही.) एका वेळी सराव किती वेळ घ्यावा, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.