कॉम्प्रेसरची हवा फुकट जाते, जबाबदार कोण?

शिरोलीकर:
छोटे मशिनशॉपवाले विजेचं बिल वाढलं की लगेच सोलरचं कोटेशन मागवतात. माझं म्हणणं, आधी माणसांच्या सवयी बघा. पाळी सुटताना एअरगनने, म्हणजे हवेचा झोत मारून, कपडे झाडायचे, जेवणाच्या सुट्टीत मशिनांना दाबलेली हवा पुरवणारा कॉम्प्रेसर चालूच. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर, म्हणजे हवा न भरता नुसता फिरत असला तरी पूर्ण लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज खातो. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरच्या भोकातून गळणाऱ्या हवेपायी 3 किलोवॅटच्या आसपास वीज जाते. शिस्त लावा, एक रुपया न घालता बिल उतरेल.

लेथवाला:
शिस्त कुणाला लावताय? मी ऑपरेटर आहे. हवेच्या पाइपचं कपलिंग सूंऽऽ करतंय हे सगळ्या शॉपला ऐकू येतं. सुपरवायझरला सांगितलं की उत्तर ठरलेलं, "आधी जॉब काढ." मशिन थांबलं तर नगावरची मजुरी माझी बुडते, हवा गळली तर बिल मालकाचं. चिप्स, म्हणजे धातूचा कीस, काढायला ब्रश मिळत नाही, मग हात एअरगनकडेच जाणार.

शिरोलीकर:
सुट्टीत स्विच बंद करायला कसली मजुरी बुडते?

लेथवाला:
आमच्याकडे एकाने केला होता बंद. परत चालू केल्यावर प्रेशर चढेपर्यंत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशिन) अलार्मवर. बोलणी त्यानेच खाल्ली. तेव्हापासून कुणी हात लावत नाही.

मेंटेनन्सवाला:
मालकांच्या सवयीवरही बोला की. टोकाच्या मशिनला हवा कमी पडते अशी तक्रार आली की गळती न शोधता प्रेशर 6 वरून 7, मग 8 बार. दर बारमागे 6-7 टक्के वीज जास्त, आणि वाढलेल्या प्रेशरने गळतीही वाढते. ती सेटिंग कामगार बदलत नाही.
रविवारी सगळी मशिनं बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालवा. घड्याळ लावून लोड किती वेळ, अनलोड किती वेळ ते लिहा. लोडची वेळ म्हणजे निव्वळ गळती. मग साबणाचं पाणी लावत हवेच्या लाइनवर फिरा, बुडबुडे आले तिथे गळती.

शिरोलीकर:
रविवारची चाचणी पटली, करतोच. पण ऑपरेटरला सगळं माफ हे पटत नाही.

लेथवाला:
माफी नकोच. गळती दाखवली त्या दिवशी दुरुस्तीचा वेळ मजुरीत धरा. आणि सुट्टीत कॉम्प्रेसर कुणी बंद करायचा, परत कधी चालू करायचा, ते लिहून भिंतीवर लावा.

शिरोलीकर:
मजुरीचं मान्य. अंगावर एअरगन मारणं मात्र ब्रश मिळो न मिळो, बंदच. एखादी चिप डोळ्यात गेली तर बिलाचं कुणाला पडलंय?