मदत हवी आहे: ईस्टरला हंगेरीतल्या होलोको गावी जायचंय, सोबत आई आणि 11 वर्षांची लेक

नमस्कार मंडळी, आम्ही व्हिएन्नाला राहतो. माझी आई मार्चअखेर साताऱ्याहून येतेय आणि यंदा, म्हणजे 2026 ला, ईस्टरचा रविवार 5 एप्रिलला आहे, तर तेव्हा बुडापेस्टला जाऊन तिथून होलोको बघायचं मनात आहे. नोग्राद जिल्ह्यातलं छोटंसं गाव, पालोत्स म्हणजे तिथल्या एका हंगेरियन समाजाच्या लोकांचं. 1909 च्या आगीत बरीच घरं जळाली पण लोकांनी पुन्हा त्याच जुन्या पद्धतीनं बांधली, पांढरी चुन्याची, लाकडी व्हरांड्याची. 1987 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मला ओढ आहे ती ईस्टरच्या सोमवारची. मुलगे पारंपरिक कपड्यांत येतात, मुलींना विहिरीपाशी ओढत नेतात आणि बादलीभर गार पाणी ओततात. मुली कोमेजू नयेत, टवटवीत राहाव्यात म्हणून. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं ही तर आपली रंगपंचमीच की, मी येणारच. लेकीला तर भिजायचंच आहे. पण बघ्यांवर, परक्यांवरही पाणी टाकतात का? आई 69 ची आहे, गुडघे दुखतात, आणि एप्रिलच्या सुरुवातीला तिथं गारवा असणारच.

दुसरं म्हणजे शहरात आता पाण्याऐवजी कोलोन, म्हणजे अत्तरासारखं सुगंधी पाणी, शिंपडतात आणि जिच्यावर शिंपडलं तिनं रंगवलेलं अंडं द्यायचं असतं असं कळलं. आई अंड्याला हात लावत नाही. कुणी प्रेमानं शिंपडलं आणि तिनं काहीच दिलं नाही तर त्यांना वाईट वाटेल का? मला तिला नुसतं कडेला उभं करून फोटो काढायचे नाहीयेत, तिला त्यात घ्यायचंय, म्हणून विचारतेय. आणि गावात शाकाहारी काय मिळेल? ईस्टरचं जेवण म्हणजे हॅम, उकडलेली अंडी न् हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ), त्यातलं तिला काहीच चालणार नाही.

प्रतिसाद
ताई, मी बुडापेस्टला असते, दोनदा जाऊन आलेय. बादल्या मुख्यतः पारंपरिक पोशाखातल्या तिथल्या मुलींवर रिकाम्या होतात, पण पुढच्या रांगेत उभं राहिलं की शिंतोडे उडतातच, तेव्हा काकूंना जरा मागे बसवा आणि लेकीचे कोरडे कपडे, मोजे आणि जास्तीचे बूट बॅगेत ठेवाच. रस्ता दगडी फरसबंदीचा आहे, हळू चालावं लागतं, गावाच्या वर किल्ला आहे, त्याची चढण काकूंसाठी सोडून द्या.

अंड्याची काळजी करू नका, हल्ली चॉकलेटची अंडी सर्रास देतात, सुपरमार्केटमध्ये मिळतात, पण शनिवारीच घेऊन ठेवा कारण रविवार-सोमवार दुकानं बंद असतात. शिंपडायच्या आधी छोटी कविता म्हणतात, म्हणजे हिरव्या रानात निळं व्हायोलेटचं फूल कोमेजायला आलेलं दिसलं, पाणी घालू का? असं. काकूंना आधी अर्थ सांगून ठेवा, मग बघा त्या कशा खुलतात.

खायला लांगोश घ्या, आपल्या भटुऱ्यासारखा तळलेला, वर लसूण, आंबट साय, चीज. फक्त तेलात तळलाय का ते विचारा. ‘ओलाय’ म्हणजे तेल, ‘झीर’ म्हणजे चरबी. आणि ईस्टरचा गोड वेणीपाव असतो, कालाच, त्यात अंडं असू शकतं, तेही विचारा.

बुडापेस्टहून थेट बस स्टॅडियन बसस्थानकातून सुटते, साधारण दोन तास धरा. सुट्टीच्या दिवशी वेळा वेगळ्या असतात म्हणून परतीची शेवटची बस निघण्याआधीच बघून ठेवा.

मूळ लेखिका
खूप खूप आभार ताई! आईला आत्ताच फोनवर ती निळ्या फुलाची कविता सांगितली, तर म्हणाली चॉकलेटची अंडी कशाला, मी साताऱ्याचे कंदी पेढे आणते, चालतील का विचार त्यांना. चालतील ना?

प्रतिसाद
धावतील! डबा मोठा आणायला सांगा, मलाही पाहिजेत.