घरी केलेला बंब: तुमचे अनुभव लिहा

आंघोळीचं पाणी तापवायचा जुना बंब गळायला लागला, म्हणून नवा घरीच करायला घेतला. पहिला प्रयत्न म्हणजे चुलीवर सरळ ड्रम. तळ तेवढा तापायचा, बाकी धग बाजूनं निघून जायची. मग हिशेब मांडला. ४० लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला साधारण ५ मेगाज्यूल उष्णता लागते, आणि किलोभर वाळक्या लाकडात १५ च्या आसपास असते. मी जाळत होतो चार किलो! आता मधोमध उभं नळकांडं, भोवती पाणी, खाली जाळी. सव्वा किलोत भागतं. तुम्ही काय केलंत? फसलेलं आधी लिहा.

———

नळकांडं माझंही होतं, पण ज्वाळा पार वरून बाहेर यायच्या आणि पाणी कोमटच. लोखंडी पट्टीला पीळ देऊन आत सोडली. धूर गिरक्या घेत, भिंतीला घासत जातो, त्यामुळे फरक लगेच पडला. हावरटपणानं पट्टी आणखी रुंद केली, तर धूर उलटा तोंडावर. पट्टी उपसून काढता येईल अशीच ठेवा, काजळी धरते.

———

गळती नको म्हणून मी वरचं झाकण वेल्ड करून टाकलं. तोटी बंद, खाली जाळ. टाकी टणटण वाजायला लागली आणि पत्रा फुगला. विस्तव ओढून बाहेर काढला म्हणून लिहायला शिल्लक आहे. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. आता वर एक उघडी नळी आहे. तिला झाकण नाही, व्हॉल्व्हही नाही.

———

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नळकांड्याला नको. थेट जाळात जस्त जळून पांढरा धूर येतो, तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. मला भरला होता.

———

तांब्याचाच हवा, असं सगळे सांगत होते, म्हणून तांब्याचा केला. एका पहाटे पाणी न भरताच पेटवला. सांध्यांची झाळ २०० अंशांच्या आतच वितळली, तळ सुटून खाली. आधी पाणी, मग काडी!

———

वरच्यांना: तांबं लोखंडापेक्षा उष्णता कितीतरी चांगली वाहून नेतं हे खरं, पण पत्रा असतो दीड मिलिमीटरचा. खरी अडचण धुरातली उष्णता पत्र्यात शिरण्याची असते. ती पिळाच्या पट्टीनं सुटते, तांब्यानं नाही. माझा साध्या लोखंडाचा आहे. गंजतो, पण चालतो.

———

ओलं सरपण घालणाऱ्यांनी बंबाला शिव्या देऊ नयेत. बरीच उष्णता लाकडातलं पाणी उकळण्यातच जाते. आणि बंद मोरीत बंब ठेवू नका, विषारी वायूला ना वास असतो ना रंग.

———

माझी चूक अगदी बावळट. नरसाळ्याची नळी आखूड ठेवली होती. ओतलेलं गार पाणी वरच मिसळायचं आणि वरच्या तोटीतून पहिल्या तांब्यापासूनच कोमट. गरम पाणी वर चढतं, हे शाळेत शिकून विसरलेलो. आता नळी तळापासून चार बोटं वर संपते. गार पाणी खाली बसतं आणि गरम वर ढकललं जातं. बादली भरेपर्यंत कढतच येतं.