संगायोचं (संजय गांधी निराधार योजनेचं) टेबल आणि बारनिशी (आवक-जावक) दोन्ही माझ्याकडे: हयातीचे दाखले कसे सांभाळायचे?

नवीन महसूल सहायक:
तहसीलला लागून चार महिने झाले. आवक-जावक होतीच, आता संजय गांधी शाखाही माझ्याकडे आली. सोमवारी एक आजी आल्या. पासबुक पुढं केलं, दोन महिने १५०० रुपये जमा नाहीत. म्हणाल्या, "बाळा, हयातीचा दाखला मी इथंच दिला होता रे, निराधारचा पगार का थांबवला?" शोधत बसलो. दुपारी सापडला, उत्पन्नाच्या दाखल्यांच्या गठ्ठ्यात, दुसऱ्याच अर्जाच्या टाचणीत अडकलेला. आवकचा शिक्का होता, पण वहीत नोंद नव्हती. तोवर आजी बाहेर बाकावर बसून होत्या. मला त्या दिवशी डबा खाववला नाही. तुम्ही हे कसं सांभाळता?

निवृत्त अव्वल कारकून:
सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत वेगळे लावायची, प्रशिक्षणात शिकवली असेलच. अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना साहेबांनी ती घालून दिली, आणि मी ती नोकरीभर पाळली. पण तुमचा कागद गठ्ठ्यात पोचायच्या आधीच हरवला, शिक्का आणि वही यांच्या मधे. म्हणून शिक्का मारला की लगेच क्रमांक टाका: वहीत, शिक्क्यात आणि पोचेवर. रांग कितीही लागू दे, तोवर पुढच्या कागदाला हात लावायचा नाही.

हयातीचे दाखले सर्वसाधारण आवकेत मिसळू नका. त्यांची वही वेगळी, पानं सजावार (एका तलाठ्याकडची गावं म्हणजे सजा). लाभार्थी यादी छापून घ्या आणि दाखला आला की नावापुढं खूण करा. मुदत संपली की ज्यांच्यापुढं खूण नाही ती नावं आधी कोतवालाकडे द्या, मग पगार थांबवायचं बघा. म्हातारं माणूस वारलंय, लेकीकडे गेलंय की अंथरुणाला खिळलंय, कोतवालाला गावात पाऊल टाकताच कळतं. अंथरुणाला खिळलेल्याचा पगार बंद करणं हे पाप आहे, मी तसंच मानत आलो.

आणि टाचण्या बंद करा. शेजारचा कागद टाचणीतच अडकतो. टॅग लावा.

संगायो, दुसरा तालुका:
दाखला सापडला म्हणून काम संपलं असं समजू नका. डीबीटी (थेट खात्यात पैसे) आल्यापासून पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, हातातलं पासबुक त्याच खात्याचं असेलच असं नाही. आमच्याकडे एक आजोबा जिल्हा बँकेत खेटे घालत होते आणि पैसे पडत होते त्यांच्या जनधनच्या खात्यात. आजींचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघा.

नवीन महसूल सहायक:
बघितलं. आधार पासबुकाच्याच बँकेला जोडलेलं आहे, म्हणजे अडलं होतं ते दाखल्यावरच. नोंद केली, नायब तहसीलदार साहेबांची सहीही घेतली. सजावार वही आजच सुरू केली, पहिल्या पानावर आजींचंच गाव. त्यांच्याकडे फोन नाही, म्हणून कोतवालाकडे निरोप धाडलाय की पुन्हा हेलपाटा घालू नका.